मशीन लावायचं की नाही, हे सासूबाईंना कुणी विचारलंय का?

पत्र थोडक्यात : वाचक पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात राहतात, वय चाळिशीचं. सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या. बिडी-तंबाखू कधी नाही, पण सगळा जन्म चुलीपुढे गेला आणि आता सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार, आहे. दिवाळीनंतर दम वाढला म्हणून आयसीयूत ठेवावं लागलं. नाकातोंडावर मास्क लावून पाच दिवस बायपॅप, म्हणजे दाबाने हवा देणारं मशीन, चाललं, घशात नळी घालावी लागली नाही. महिन्याभराने पुन्हा तपासलं तेव्हाही रक्तातला कार्बन डायऑक्साइड ५८, म्हणजे बराच जास्त, होता. डॉक्टरांनी रोज रात्री घरी बायपॅप लावायला सांगितलं. मशीन भाड्याने आणलं, पण सासूबाई अर्ध्या तासात मास्क ओढून काढतात. “जीव गुदमरतो” म्हणतात. पुण्याचे मोठे दीर म्हणतात, मशीनची सवय लागली की फुप्फुसं आळशी होतात, त्यापेक्षा ऑक्सिजन मिनिटाला पाच लिटरवर ठेवा. नणंद म्हणतात, करोनात मामा व्हेंटिलेटरवर गेले ते परत आलेच नाहीत, आईला त्या वाटेला नेऊ नका. त्यात डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, “पुढच्या वेळी नळी घालायची वेळ आली तर काय करायचं, ते घरात ठरवा.” वाचक विचारतात, “रोज रात्री मी त्यांच्यावर जबरदस्ती करते असं वाटतं. थांबू का? आणि नळीचा निर्णय घ्यायचा कुणी? मी पडले सून.”

ताई,

बाकीचं बोलूच, पण आधी ऑक्सिजनचं. दिरांना आजच फोन करा आणि कॉन्सन्ट्रेटरचा, म्हणजे घरच्या ऑक्सिजनच्या मशीनचा, काटा डॉक्टरांनी लिहून दिलाय तिथेच ठेवायचा, एवढं स्पष्ट सांगा. तुमच्या सासूबाईंच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो. अशा माणसाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी साठतो. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९८ दिसतो, घरच्यांना हायसं वाटतं आणि पेशंट मात्र गुंगीत जातो. त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हा आकडा चांगला आहे. ९० बघून घाबरायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या रुग्णवाहिकांमध्ये हे तपासून पाहिलं होतं. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सीओपीडीच्या ज्या रुग्णांना सरसकट भरपूर ऑक्सिजन दिला, त्यांच्यातले ९ टक्के दगावले. ज्यांना मोजून, ८८ ते ९२च्या बेताने दिला, त्यांच्यातले २ टक्के. दिरांचा हेतू चांगलाच आहे, आईला दम लागलेला त्यांना पाहवत नाही. पण पाच लिटरचा हा उपाय त्यांच्या आईसाठी धोक्याचा आहे.

ऑक्सिजन आणि बायपॅप ही एकाच कामाची दोन साधनं आहेत, असं बहुतेक घरांत समजलं जातं. तसं नाही. ऑक्सिजनने आत येणारी हवा सकस होते. श्वास घेण्याचं काम मात्र तुमच्या सासूबाईंच्या स्नायूंनाच करावं लागतं, आणि तेच स्नायू आता थकलेत.

आपण श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली जातो, छाती फुलते आणि हवा आत ओढली जाते. सीओपीडीत हवा बाहेर पडायलाच वेळ लागतो. ती छातीत अडकून राहते, छाती कायम फुगलेली राहते आणि घुमटासारखा असायला हवा तो पडदा सपाट होऊन बसतो. सपाट पडद्याला जोर लागत नाही. दिवसा मानेचे, खांद्याचे स्नायू मदतीला येतात. सासूबाई दोन्ही हात गुडघ्यावर टेकून, पुढे वाकून बसत असतील, ते त्यासाठीच. गाढ झोपेत हे मदतनीस स्नायू सैल पडतात, श्वास उथळ होतो आणि रात्रभर कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मग सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग, हातातला कप थरथरतो, कधी बोलण्यात विसंगती. हे सगळं “वयामुळे” म्हणून सोडून दिलं जातं.

बायपॅप इथे कामाला येतं. माणूस श्वास घ्यायला लागला की मशीन दाबाने हवा आत ढकलतं आणि सोडताना दाब कमी करतं. श्वास त्यांचाच, जोर मशीनचा. सासूबाईंना समजवायचं तर असं सांगा : दिवसभर डोक्यावर भारा वाहता, रात्री तो कुणीतरी उतरवून ठेवतंय, म्हणजे सकाळी मान ताठ राहील.

आता “सवय लागते, फुप्फुसं आळशी होतात” याचं. दिरांच्या बोलण्यात तथ्याचा एक अंश आहे, तो मान्य करूनच पुढे जाऊ. माणूस पूर्ण गुंगीत असेल, घशात नळी असेल आणि सगळे श्वास मशीनच देत असेल, तर श्वासाचे स्नायू काही दिवसांतच खरोखर बारीक होतात. म्हणूनच आयसीयूत शक्य तितक्या लवकर गुंगी कमी करून पेशंटला स्वतः श्वास घ्यायला लावतात. पण घरी रात्रीपुरता मास्क लावणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे श्वासाची सुरुवात साधारणपणे त्या स्वतः करतात आणि सकाळी मास्क निघाला की दिवसभर स्वतःच घेतात. उलट विश्रांती मिळालेला स्नायू दिवसा जास्त काम देऊ शकतो. ब्रिटनमध्ये तुमच्या सासूबाईंसारख्याच रुग्णांवर, म्हणजे वाढलेला दम आटोक्यात आल्यावर दोन ते चार आठवड्यांनीही ज्यांचा कार्बन डायऑक्साइड ५३च्या वर राहिला अशांवर, एक अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. नुसता घरचा ऑक्सिजन घेणाऱ्यांपैकी वर्षभरात ८० टक्के लोक एकतर पुन्हा भरती झाले किंवा गेले. ऑक्सिजनच्या जोडीला रात्रीचं मशीन वापरणाऱ्यांत हेच प्रमाण ६३ टक्के होतं. आकडे दोन्हीकडचे मोठेच आहेत, ते मी लपवत नाही. आजार मोठा आहे. पण तुमच्या डॉक्टरांनी मशीन उगाच गळ्यात मारलेलं नाही.

जबरदस्तीबद्दल विचारलंत. हो, जबरदस्ती थांबवा, आजपासूनच. मशीन थांबवायचं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

रात्री दहा वाजता, दमलेल्या माणसाच्या तोंडावर, पट्टे आवळून, पूर्ण दाबाचा मास्क लावला तर धडधाकट माणूसही तो ओढून काढेल. त्याची ओळख दिवसा करून द्या. दुपारी त्या त्यांची मालिका बघत बसल्या असतील तेव्हा मास्क त्यांच्याच हातात द्या. पट्टे नकोत, मशीन बंद. नुसता गालाला लावू दे, नाकाशी धरू दे, नको वाटलं की खाली ठेवू दे. हे जमलं की मशीन सुरू करून कमी दाबाची हवा हातावर घेऊ दे, मग तोंडाशी. बऱ्याच मशीनमध्ये दाब हळूहळू वाढवण्याची सोय असते, ती चालू करून घ्या. पट्टे सगळ्यात शेवटी, आणि ते कसे सोडवायचे हे त्यांना स्वतःला आलंच पाहिजे. हे सगळं एका दुपारी होणार नाही, आठवडा-दोन आठवडे धरून चला. रात्री निदान चार तास, शक्यतो सहा, हे गाठायचं ठिकाण आहे. तिथे पोचायला वेळ लागला तर बिघडत नाही.

“जीव गुदमरतो” म्हणतात तेव्हा त्यांना एक नेमकं विचारा : “आई, हवा घेताना कमी पडते, की सोडताना अडते?” या उत्तरावर बरंच काही अवलंबून आहे. हवा कमी पडत असेल तर दाब कमी ठेवलेला असू शकतो, किंवा मास्कच्या कडेने हवा निसटत असेल. सोडताना अडत असेल तर त्यांचा श्वास संपला तरी मशीन ढकलतच असतं, आणि ती वेळ डॉक्टरांना बदलता येते. घरच्या घरी आकडे बदलू नका, पण हे उत्तर शब्दशः डॉक्टरांना सांगा. “आईंना सोसत नाही” एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही.

मास्कच्या पुढच्या भागात किंवा नळीच्या तोंडाशी बारीक भोकं असतात आणि त्यातून सतत हवा फुसफुसते. ती गळती आहे असं वाटून त्यांवर चिकटपट्टी लावलेली मी एकाहून अधिक घरांत पाहिली आहे. कृपा करून असं करू नका. उच्छ्वासाची हवा त्या भोकांतूनच बाहेर पडते. ती बुजली की सोडलेलाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत जातो, म्हणजे ज्यासाठी मशीन आणलं त्याच्या नेमकं उलटं होतं. त्याच कारणाने वीज गेली आणि मशीन बंद पडलं तर मास्क ताबडतोब काढायचा. गावाकडे वीज जातेच, तेव्हा इन्व्हर्टरची सोय होत असेल तर मशीन त्यावर घ्या.

सासूबाई अंबाडा घालतात का? मागचा पट्टा अंबाड्यावरून घसरतो, म्हणून घरचे तो जास्त आवळतात आणि नाकाच्या दांड्यावर जखम होते. रात्री खाली सैल वेणी घाला. झोपताना तोंडाला तेल किंवा व्हॅसलिन नको, त्याने मास्क सरकतो. सकाळी नाकावरचा लालपणा तासाभरात गेला नाही तर पट्टे सैल करा किंवा मास्कचा आकार बदलून मागा. जेवण आणि मास्क यांत तास-दीड तासाचं अंतर ठेवा. मळमळलं तर आधी मास्क बाजूला. आणि ऑक्सिजन चालू असताना जवळ समई, उदबत्ती, शेगडी काहीही पेटतं नको. देवघर त्याच खोलीत असेल तर त्यांची खाट हलवा.

विकत घ्यायचं ठरलं तर घाई नको. सीपॅप आणि बायपॅप दिसायला सारखीच दिसतात, पण सीपॅप एकच दाब ठेवतं. ते घोरण्याच्या, झोपेत श्वास अडण्याच्या आजारासाठी आहे, सासूबाईंच्या कामाचं नाही. करोनानंतर जुनी मशीन बाजारात बरीच आली. २०२१मध्ये आतल्या फोमचा चुरा होत असल्यामुळे लाखो मशीन परत मागवली गेली होती. तेव्हा जुनं घेताना मॉडेल आणि नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. सासूबाई नियमित वापरतील याची खात्री होईपर्यंत भाड्याचंच बरं.

आता नणंदेचं. मामा व्हेंटिलेटरवर गेले आणि परत आले नाहीत. महाराष्ट्रात असं दुःख नसलेलं घर शोधावं लागेल, आणि त्यावरून धसका बसला तर त्यात नवल नाही. पण मामांची फुप्फुसं करोनाने आतून सुजलेली, पाण्याने भरलेली होती. व्हेंटिलेटर तिथे शेवटी आला म्हणून तोच जीव घेणारा वाटला. मशीनच्या दाबाने इजा होतच नाही असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २००० साली दिसलं की सुजलेल्या फुप्फुसांत एका श्वासाला भरली जाणारी हवा निम्मी केली तर मृत्यू ४० टक्क्यांवरून ३१वर येतात. तेव्हापासून जगभर हवा मोजूनमापून देतात. पण सीओपीडीचा उठाव, म्हणजे दम एकाएकी वाढणं, ही वेगळी परिस्थिती असते. त्यात वेळेवर मास्कचं मशीन लावलं तर मृत्यूचा धोका जवळजवळ निम्मा होतो आणि नळी घालायची वेळ सुमारे दोन तृतीयांशाने कमी येते. नणंदेच्या आई स्वतःच तर त्याची साक्ष आहेत. पाच दिवस मशीनवर राहून त्या घरी चालत आल्या.

हवा दाबाने आत ढकलून माणूस जगवायची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती १९५२ साली, कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या गळ्यात छिद्र करून भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रबरी पिशवीने हवा द्यायला लावली. पुरेशी मशीन नव्हतीच, म्हणून सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे हाताने पिशव्या दाबल्या. त्या मुलांनी पोलिओ बरा केला नाही. अंगातला आजार ओसरेपर्यंतचा वेळ त्यांनी रुग्णांना मिळवून दिला. व्हेंटिलेटर आजही तेवढंच करतो. म्हणून नळीचा विचार करताना “घालायची की नाही” एवढ्यावर थांबू नका. “हा वेळ कशासाठी हवाय, आणि तो मिळाला तर आई कुठपर्यंत परत येतील?” हे डॉक्टरांना विचारा.

न्यूमोनियासारखं बरं होण्याजोगं कारण असेल, आणि त्याआधी त्या घरात हिंडत-फिरत असतील, तर काही दिवसांची नळी सार्थकी लागू शकते. पण आधीच अंथरुणाला खिळल्या असतील, मशीन असूनही कार्बन डायऑक्साइड चढतच असेल, तर नळी निघणं अवघड होतं. मग गळ्यात छिद्र करायची वेळ येते आणि महिने आयसीयूत जातात. या दोन टोकांच्या मधेही पर्याय आहेत, हे घरच्यांना कुणी सांगत नाही. मास्कपर्यंत सगळे उपचार करा, नळी नको, असं ठरवता येतं. नळी घाला, पण चार-पाच दिवसांनी सगळे मिळून पुन्हा बघू आणि सुधारणा नसेल तर काढू, असंही ठरवता येतं.

यातलं काय निवडायचं ते दीर ठरवणार नाहीत, नणंद ठरवणार नाही, तुम्हीही नाही. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात सगळ्यांची मतं आहेत, सासूबाईंचं मात्र “जीव गुदमरतो” हे एकच वाक्य आहे. त्या शुद्धीवर आहेत, बोलतात, मालिका बघतात. त्यांना विचारा.

“आई, नळी घालायची का?” असं विचारलंत तर त्या घाबरतील किंवा गप्प बसतील. सकाळी अंग हलकं असताना, चहा झाल्यावर विचारा : दवाखान्यातल्या त्या पाच दिवसांत सगळ्यात नकोसं काय वाटलं? काय करता आलं तर जगणं बरं वाटतं, अंगणात जाता येणं, हाताने जेवणं, नातवंडांशी बोलणं? आणि तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा तुमच्या वतीने कुणी बोलावं? बहुतेक उत्तर येईल, “मला काय विचारता, पोरं ठरवतील.” त्यावर सोडून देऊ नका. “कुठलं पोर? आणि त्याला काय सांगू?” असं हसत पुढे विचारा. आपल्याकडे या पिढीच्या बायकांना कुणी विचारलंच नाही, म्हणून उत्तराची सवय नाही. मत मात्र असतं.

त्या जे सांगतील ते लिहून ठेवा. कायद्याचा आधारही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी उपचारांबद्दलच्या अशा इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली आणि जानेवारी २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करून घेता येतं, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक विश्वासू माणसांची नावं त्यात घालता येतात. एवढं लगेच जमलं नाही तरी निदान सगळी भावंडं एकदा समोरासमोर बसू द्या आणि सासूबाईंना त्यांच्या तोंडाने बोलू द्या. मग “मी पडले सून” हा प्रश्न उरणार नाही. तुम्ही निर्णय घेणार नाही आहात, त्यांचा निरोप पोचवणार आहात.

आणि समजा, दाब बदलून, मास्क बदलून, महिना-दीड महिना मनापासून प्रयत्न करूनही त्या म्हणाल्या, “मला हे नको,” तर तेही ऐकायचं. मशीन नाकारलं म्हणजे उपचार संपले असं होत नाही. मोजका ऑक्सिजन, फवाऱ्याची औषधं, बसण्याच्या पद्धती, आणि दम फारच छळत असेल तर अगदी थोड्या मात्रेत मॉर्फिन. वेदना आणि दम कमी करणारे पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर हे नीट करतात. त्यांच्याकडे शेवटच्या आठवड्यातच जायचं असतं असं नाही, आजही जाता येतं.

एक पुठ्ठ्याचं कार्ड करून त्यांच्या फाइलला बाहेरून लावा : “सीओपीडी. कार्बन डायऑक्साइड साठतो. ऑक्सिजन ८८ ते ९२. घरी बायपॅप.” खाली दाबाचे आकडे आणि डॉक्टरांचा नंबर. हाक मारूनही नीट जाग्या होत नाहीत, असंबद्ध बोलतात, ओठ निळसर दिसतात किंवा नेहमीच्या ऑक्सिजनवर आकडा ८८च्या खाली राहतो, असं काही दिसलं तर वाट न बघता १०८ला फोन करा आणि गाडीत बसताच ते कार्ड दाखवा.

दिरांना पुढच्या शनिवार-रविवारी बोलवून घ्या. फोनवर चर्चेसाठी नाही, तर त्या दोन रात्री आईजवळ मशीनपाशी त्यांनी झोपायचं आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत. पट्टे कसे लावायचे ते दुपारीच दाखवून ठेवा. पुढच्या तपासणीला मशीनही बरोबर न्या. रात्री किती तास वापरलं, हवा किती निसटली, याची नोंद त्यात असते, आणि त्याच दिवशी रक्तातला कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोजून घ्या.